चिंगी, मी आणि कपाळावरची पट्टी

डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याचं काही आहे का तुम्हाला?" मला वाटलं चावल्याबिवल्याची हिस्टरी विचारतायत, म्हणून मी सांगून टाकलं, हो, लहानपणी एकदा पोटरीला धरलं होतं, इंजेक्शनं घेतली होती. ते हसायलाच लागले. त्यांना विचारायचं होतं की ॲलर्जी आहे का, भीती वाटते का, कारण त्यांच्या ओळखीतल्या एका टीमने कुत्र्याच्या मदतीने थेरपी सुरू केली होती, त्यांना मूड डिसऑर्डरवाले लोक हवे होते, आणि सोबत मेंदूत काय होतं तेही मोजणार होते. मी म्हटलं बघू. "बघू" हा माझा नाही म्हणायचा सभ्य प्रकार आहे, हे बायकोला माहितीये, डॉक्टरांना नव्हतं, त्यांनी लगेच नाव लिहून घेतलं.

थोडं माझ्याबद्दल. मी हिशेब तपासायचं काम करतो, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवायचा मला पगार मिळतो. बायपोलर टाइप टू, निदान होऊन ११ वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात पूर्ण मेनिया होत नाही, हायपोमेनिया होतो, म्हणजे काही दिवस झोप कमी, बोलणं जास्त, डोक्यात प्लॅनवर प्लॅन, आणि मग धाडकन खाली, आणि खालचा मुक्काम फार लांबतो. त्या वेळी मी खालीच होतो. अगदी तळाला नाही, ऑफिसला जात होतो, पण दात घासताना सुद्धा स्वतःला सांगावं लागायचं, वरचे झाले, आता खालचे.

लिथियम चालू आहे. त्याने माझ्या हातांना बारीक कंप असतो, सही दर वेळी वेगळी येते, आमच्या धंद्यात हे काही बरं नाही. कंपाचं पुढे काम आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. आणि एक गंमत, हे औषध मेनियावर चालतं हे दाखवलं ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी, १९४९ साली, आणि त्याआधी त्यांनी ते गिनी पिगना टोचून बघितलं होतं, ते सुस्त पडले म्हणून गाडी पुढे गेली. म्हणजे माझ्या उपचारात प्राणी तसे पहिल्यापासूनच होते, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तर पहिला दिवस. पहिल्या दिवशी कुत्रा नाहीच! नुसते फॉर्म. झोप किती, भूक किती, मरणाचे विचार येतात का, औषधं कुठली, आणि एका कागदावर स्पष्ट लिहिलेलं की हे औषधाच्या जागी नाही, औषधासोबत आहे, कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करणार नाही यावर सही करा. केली, वेडीवाकडी. मग टेक्निशियन मुलीने कपाळावर एक काळी रबरी पट्टी बांधली, आतून छोटे दिवे आणि सेन्सर. मला वाटलं होतं डोक्यावर वायरींचं जंगल असेल, चिकट जेल असेल, ते ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजतात त्याला, असतं म्हणाली, ही वेगळी भानगड आहे. याला एफनिर्स म्हणतात. यातून इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश कपाळातून आत जातो, हाडातून पण जातो, आणि ऑक्सिजनवालं रक्त आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, तर परत आलेल्या प्रकाशावरून कळतं की कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, रक्ताची ये-जा वाढली की कमी झाली. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त जातं, हा हिशेब. मी विचारलं, कपाळच का, तर म्हणाली एक तर तोच भाग आम्हाला बघायचाय आणि दुसरं म्हणजे तिथे केस नसतात, दाट काळ्या केसांतून प्रकाश नीट जात नाही. माझं कपाळ दर वर्षी वाढतंय, त्याचा प्रथमच कोणालातरी उपयोग झाला.

आणि एमआरआय का नाही? हा प्रश्न मीच विचारला आणि विचारल्यावर मलाच उत्तर कळलं. त्या बोगद्यात माणसाला हलता येत नाही, कुत्र्याला कुठे घेणार. म्हणून एमआरआयमध्ये फोटो दाखवून भागवतात. २०१४ साली अमेरिकेत १४ आयांना स्वतःच्या मुलाचे आणि स्वतःच्या कुत्र्याचे फोटो दाखवून बघितलं होतं, बऱ्याच ठिकाणी दोन्ही वेळा सारखेच भाग जागे झाले, काही ठिकाणी फरक पडला. पण फोटो तो फोटो. पट्टीचं उलट आहे, त्यात जिवंत कुत्रा समोर बसवता येतो, पण दिसतं फक्त वरवरचं, दोनेक सेंटीमीटरपर्यंत. भीतीबिती सांभाळणारा अमिग्डाला खूप आत असतो, तिथपर्यंत ही पट्टी पोचतच नाही. कोणी असली पट्टी लावून तुमच्या मेंदूतला आनंद दाखवतो म्हणाला तर हसायचं आणि उठायचं.

मग एक टेस्ट. एक अक्षर देणार, त्यावरून ठरलेल्या वेळात जमतील तेवढे शब्द बोलायचे, माणसांची नावं नाहीत, गावांची नाहीत, कुठलंच विशेषनाम चालणार नाही. मला "क" आलं. "क" म्हणजे लॉटरी की हो, निम्मा शब्दकोश क वरून आहे! मी म्हटलं कपाट, कागद, कर, कर्ज, किल्ली, कटकट, कंटाळा... आणि संपलं. खरंच संपलं. डोकं म्हणजे रिकामं फोल्डर. टेक्निशियन स्क्रीनकडे बघत होती, माझ्याकडे नाही, हे बरं झालं. नंतर कळलं की ही टेस्ट काही शब्दसंपत्तीची नाही, शब्द शोधताना कपाळामागचं रक्त किती आणि कसं वाढतं ते बघतात. निरोगी माणसात ते चटकन वाढतं, डिप्रेशनमध्ये कमी वाढतं, बायपोलरमध्ये त्याचा आकार आणखी वेगळा असू शकतो. जपानमध्ये तर २००९ पासून ही टेस्ट निदानाला मदत म्हणून सरकारमान्य आहे. माझी रेघ कशी आली विचारलं तर "शेवटी एकदम दाखवू" म्हणाली. तिला तसं सांगायला सांगितलं असणार.

पुढच्या खेपेला चिंगी भेटली. गोल्डन रिट्रीव्हर, सहा वर्षांची, तोंडाजवळ पांढरं व्हायला लागलेलं, आणि चालताना मागून थोडी झुलते. सोबत तिचा हँडलर, सगळे त्याला दादा म्हणायचे म्हणून मीपण. दादाने पहिल्या मिनिटाला सांगितलं की तुम्ही तिला हाक मारायची नाही, ओढायचं नाही, वरून डोक्यावर हात न्यायचा नाही, ती आली तर आली. मला हे एकदम पटलं, मला पण असंच हवं असतं सगळ्यांनी.

एकूण सहा खेपा मोजणीच्या होत्या. तीन चिंगीसोबत, तीन एका कापडी अस्वलासोबत, हो अस्वल, आत गरम पाण्याची पिशवी घातलेलं, म्हणजे वजन आणि ऊब दोन्ही आलं. हा सगळा साचा स्वित्झर्लंडमधल्या बासल विद्यापीठाच्या एका प्रयोगावरून घेतला होता, २०२२ मध्ये छापून आलेला, तिथे कापडी सिंह होता. क्रम असा, आधी दोन मिनिटं पांढऱ्या भिंतीकडे बघत बसायचं. मग कुत्रा थोड्या अंतरावर. मग शेजारी, मांडीला टेकून. मग हात फिरवायचा. आणि शेवटी परत भिंत. बस्स. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

अस्वलाचं आधी सांगतो कारण ते लवकर संपेल. एका मोठ्या माणसाने कपाळाला पट्टी बांधून, दोन अनोळखी लोकांसमोर, गरम अस्वलाला कुरवाळत बसायचं! पहिल्या खेपेला लाज वाटली, दुसऱ्याला हसू आलं, तिसऱ्याला ऑफिसच्या कामाचा विचार करत होतो. इतकंच.

चिंगीच्या पहिल्या खेपेला मात्र मी घाबरलो होतो. पोटरी आठवत होती. ती शेजारी येऊन बसली आणि तिचं वजन माझ्या मांडीवर आलं, तर मी इतका ताठ बसलो की पाठ दुखायला लागली. हात फिरवा म्हटल्यावर मी हात पाठीवर ठेवला आणि हात थरथरतोय हे मला दिसलं, दादाला दिसलं, टेक्निशियनला दिसलं. एरवी मी लगेच खिशात घालतो. मीटिंगमध्ये हात टेबलाखाली ठेवायची तर मला सवयच आहे. इथे घालता येईना कारण मोजणी चालू होती. आणि चिंगीला काहीच नाही! तिने मान वळवून हाताचा वास घेतला आणि परत खाली ठेवली. थरथरणारा हात आहे, असेल. एवढीच तिची रिॲक्शन. मी अकरा वर्षांत हा हात इतका वेळ उघड्यावर कधी ठेवला नव्हता हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या खेपेला तिने ग्राफची वाट लावली. मी वाकलो आणि तिने कपाळावरून, पट्टीवरून, अशी एक लांबलचक जीभ फिरवली की स्क्रीनवरची रेघ थेट छताला. टेक्निशियनने शांतपणे वहीत लिहिलं, "चाटलं, इतक्या वाजता." हलल्यामुळे, सेन्सर सरकल्यामुळे असे खोटे उंचवटे येतात, ते नंतर काढून टाकावे लागतात. मी ती नोंद बघून हसलो. बायकोला फोन करून सांगितलं. ती गप्प झाली थोडा वेळ, मग म्हणाली, "तू आत्ता स्वतःहून फोन केलास?"

मोजणी संपल्यावर खरी थेरपी, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. इथे फरक सांगायला हवा कारण लोक सगळं एकाच टोपलीत टाकतात. घरी कुत्रा असणं म्हणजे थेरपी नव्हे. हॉस्पिटलमध्ये कोणी कुत्रा फिरवून आणला, सगळ्यांनी लाड केले, ते छान आहे पण ते पण थेरपी नव्हे. थेरपी म्हणजे ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्ट समोर असतो, ध्येय ठरलेलं असतं, नोंद ठेवली जाते, आणि प्राणी त्यातला एक भाग असतो. या कल्पनेला आकार दिला बोरिस लेव्हिन्सन नावाच्या अमेरिकेतल्या बालमानसतज्ज्ञांनी, त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीत असताना एक कोणाशीच न बोलणारं मूल कुत्र्याशी खेळायला लागलं, त्यावरून त्यांनी १९६२ मध्ये कुत्र्याला सहथेरपिस्ट म्हणत पेपर लिहिला, आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी तेव्हा त्यांची खिल्ली उडवली. माझ्या थेरपिस्ट बाईंनी ही गोष्ट पहिल्याच सेशनला सांगितली, बहुतेक माझ्या तोंडावरचा भाव बघून.

माझं ध्येय ठरलं साधं, एक काम सुरू करायचं आणि सुरुवात ते शेवट त्यातच राहायचं. काम होतं चिंगीचे केस विंचरणं. तिच्या कानामागे केस लांब आणि मऊ असतात, तिथे गुंते होतात, बारीक, घट्ट, वाटाण्याएवढे. मी पहिल्यांदा ब्रश मुळाशी घालून ओढला, तर तिने डोकं बाजूला घेतलं. दादा म्हणाला, असं नाही, टोकाकडून सुरू करा, मुळाशी दोन बोटांनी दाबून धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि एका वेळी थोडेच केस. मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी मुळाशी धरलं, उजव्या हाताने टोकाकडून, दोन केस, चार केस. हात थरथरत होता आणि काय सांगू, तो कंप त्या कामाला चक्क उपयोगी पडत होता, ब्रशचे दात आपोआप हलत होते आणि गुंता सैल होत होता! एका गुंत्याला वीस मिनिटं गेली. वीस मिनिटं माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे वाक्य डिप्रेशन न झालेल्या माणसाला साधं वाटेल. माझ्या डोक्यात एरवी एक कारकून बसलेला असतो, तो जुन्या फायली काढून वाचत राहतो, अमक्या साली तू असं बोललास, तमक्याने तेव्हा तुझ्याकडे असं बघितलं. थेरपिस्ट बाई म्हणतात त्याला रुमिनेशन म्हणतात, चघळणं, आणि मेंदूत काही काम नसताना जे जाळं चालू असतं त्याच्याशी त्याचा संबंध जोडतात. त्या वीस मिनिटांत कारकून जागेवर नव्हता.

आता चौथं सेशन, म्हणजे जिथे सगळं बिनसलं. त्या आठवड्यात मला एकदम भारी वाटत होतं. रात्री दोन वाजता मी बायकोला उठवून सांगितलं की आपण दोन पिल्लं आणू, दोन, म्हणजे एकमेकांना सोबत होईल, आणि मी नोकरी सोडून हँडलरचा कोर्स करतो, आणि पुढे सेंटर काढू. कागदावर खर्चाचा तक्तापण केला होता. सेशनला गेलो तो बोलतच गेलो. चिंगीला बघून जोरात हाक मारली, जी मारायची नाही असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं, गुडघ्यावर बसून तिचा चेहरा दोन्ही हातात धरला. तिने जांभई दिली. मग ओठ चाटले. मग मान फिरवली आणि दादाच्या पायामागे जाऊन बसली. दादा म्हणाला, "आज आवाज मोठा आहे तुमचा," आणि थेरपिस्ट बाईंकडे बघून म्हणाला, आज तिचं झालं. दहा मिनिटांत सेशन बंद!

मला इतका राग आला. कुत्र्याची जांभई म्हणजे झोप नव्हे, ताण असू शकतो, ओठ चाटणं आणि मान फिरवणं पण तसंच, हे दादाने समजावलं, कुत्रा नको म्हणाला की नको, त्याला थांबवता आलं नाही तर ती थेरपी नाही, मजुरी आहे. मी ऐकत होतो कुठे. बाई मात्र कुत्र्याबद्दल काही बोलल्या नाहीत, एकच विचारलं, "काल किती तास झोपलात?" चार. परवा? चार. त्यांनी माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. लिथियमची लेव्हल तपासली, कमी आली होती, कारण मधल्या धांदलीत माझ्या गोळ्या चुकत होत्या आणि मला वाटत होतं मी घेतोय. डोस नीट केला, झोपेचं बघितलं. आता कोणी असं म्हणू नका की कुत्र्याला हायपोमेनिया कळतो. तिला आवाज कळला. पण तो आवाज वाढलाय हे घरात, ऑफिसात कोणी मला तोंडावर सांगितलं नव्हतं, सगळे खूश होते की हा बोलायला लागला.

पुढचा आठवडा अर्थातच खाली. आणि कारकुनाला नवी फाईल मिळाली, कुत्र्याला पण तू नको झालास. पाचव्या सेशनला मी हे वाक्य जसंच्या तसं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या पुरावा मांडा. मी हिशेबवाला, मला पुरावा मागितला की मी हलतो. मांडला. बाजूने, ती उठून गेली. विरुद्ध, मी ओरडलो होतो, चेहरा धरला होता, नियम मोडला होता, आणि आज ती आल्या आल्या माझ्या बुटावर हनुवटी ठेवून पडली आहे. त्या म्हणाल्या, तिला मागच्या आठवड्याचा राग आहे असं दिसतंय का? मी खाली बघितलं. ती घोरत होती. माणसांच्या बाबतीत मला एवढं स्वच्छ प्रकरण कधी मिळत नाही, कोणीतरी खरंच रागावलेलं असतं, कोणी मनात ठेवतं, कोणी हसून टाळतं, त्यामुळे पुराव्याचा हा खेळ माणसांवर शिकणं अवघड जातं. कुत्र्यावर सोपं जातं. मला वाटतं या सगळ्या प्रकाराचा खरा फायदा हाच, निदान माझ्यापुरता, आणि तो कुठल्याच पट्टीत दिसत नाही.

तरी पट्टीचं सांगतो, कारण तुम्ही त्यासाठीच वाचत असाल.

शेवटच्या दिवशी टेक्निशियनने ग्राफ दाखवले. लाल रेघ ऑक्सिजनवाल्या रक्ताची. माझी अपेक्षा अशी की कुत्रा आला की आपण शांत होतो, म्हणजे रेघ खाली जायला हवी. उलटं! अस्वलाला पहिल्या वेळी थोडी वर, मग पुढच्या खेपांना जवळपास सपाट. चिंगी लांब बसलेली असताना थोडी वर, शेजारी आल्यावर आणखी वर, हात फिरवताना सगळ्यात वर. आणि शेवटच्या भिंतीच्या दोन मिनिटांत, ती बाहेर गेल्यावर सुद्धा, लगेच खाली येत नाही. मी म्हटलं म्हणजे मला ताण आला होता? ती म्हणाली पहिल्या खेपेला असेलही, पण शांत वाटणं म्हणजे मेंदू बंद पडणं नव्हे, लक्ष देणं आणि भावना हाताळणं याचं काम त्या भागात चालतं. बासलमध्ये पण असंच दिसलं होतं, जिवंत कुत्र्यासोबत जवळीक वाढेल तशी त्या भागातली मेंदूची हालचाल वाढत गेली, कुत्रा गेल्यावरही टिकली, आणि खेळण्याशी तुलना केली तर फरक पुढच्या खेपांना आणखी रुंदावला. दक्षिण कोरियात २०२४ मध्ये ३० जणांना ईईजी लावून एका पूडलसोबत वेगवेगळी कामं करायला लावली, तर फिरताना आणि खेळताना अल्फा लहरी वाढल्या, ज्या निवांत जागेपणी दिसतात, आणि केस विंचरताना, मसाज करताना बीटा, ज्या एकाग्रतेशी जोडतात. विंचरताना एकाग्रता! हे ऐकून मला त्या गुंत्याचा अभिमान वाटला.

आता माझी धंद्याची सवय. बासलच्या विश्लेषणात १९ माणसं होती आणि ती निरोगी होती. कोरियातलीपण निरोगी. डिप्रेशनच्या मेंदूत हेच होतं असं त्यावरून लिहिता येत नाही. माझा ग्राफ म्हणजे एक माणूस, त्यात लिथियम, त्यात एकदा चाटलेलं. दुसरं म्हणजे नव्या औषधाची चाचणी करताना खोटी गोळी देता येते, पेशंटला कळत नाही कुठली मिळाली. इथे समोर कुत्रा आहे की अस्वल हे लपवणार कसं? ज्याला कुत्रे आवडतात तो आधीच खूश. आणि मुख्य म्हणजे रेघ वर जाणं चांगलं की वाईट हे रेघ सांगत नाही, काळजी करताना पण मेंदू काम करतोच की. हे सगळं मी टेक्निशियनला ऐकवलं, ती म्हणाली आम्हालापण हेच सतावतं, म्हणूनच तुमच्यासारखे लोक घेतोय.

शरीरातल्या रसायनांचं थोडं भरवशाचं वाटलं मला. २०१९ मध्ये अमेरिकेत २४९ विद्यार्थ्यांवर केलं होतं, काहींना दहा मिनिटं कुत्र्यामांजरांना खरोखर हात लावू दिला, काहींना दुसरे लावताना नुसतं बघायला दिलं, काहींना फोटो, काहींना नुसतं थांबवलं, तर हात लावणाऱ्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, नंतर कमी आलं. माणसं भरपूर, गट नीट पाडलेले. आणि जपानच्या २०१५ च्या कामात तर कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बराच वेळ बघत राहिले की दोघांच्या लघवीत ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडतात ते हार्मोन, वाढलेलं सापडलं, माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये ते झालं नाही. दोघांच्या, हे मला आवडलं. मी दादाला म्हटलं, म्हणजे चिंगीलापण काही मिळतं. तो म्हणाला, तुम्ही चेहरा पकडला नाहीत तर.

दोन पिल्लं आणली नाहीत. एक पण नाही. बायको म्हणाली आधी सहा महिने झोप नीट राहू दे मग बोलू, आणि ते बरोबर आहे, खालच्या महिन्यांत मला स्वतःला उठवता येत नाही, त्या जिवाला सकाळी बाहेर कोण नेणार. गोळ्यांसाठी आठवड्याचा डबा केलाय, वारांचे कप्पे असलेला. मूड आता मध्यावर आहे, तो कुत्र्याने आला, डोस नीट झाल्याने आला की एरवी आठ महिन्यांनी आपोआप यायचा तसा आला, मला वेगळं काढून दाखवता येणार नाही आणि दाखवणाऱ्यावर मी विश्वासही ठेवणार नाही. पण मीटिंगमध्ये हात टेबलावर असतो. परवा एकाने विचारलं, थंडी वाजतेय का? मी म्हटलं नाही, औषधाने होतं.

ग्राफ बघून झाल्यावर शब्दांची टेस्ट परत घेतली, वेगळं अक्षर देतात म्हणजे पाठ केलेलं चालत नाही. "च" आलं. बाहेर पॅसेजमध्ये दादा पट्टा बांधत होता, त्याच्या कडीचा आवाज येत होता. मी लगेच म्हटलं, "चिंगी." टेक्निशियनने मान हलवली, हसत होती, आणि वहीत तो शब्द कापला. विशेषनाम चालत नाही.